तीन भोकांचे पोपटी बूट

चहा घ्या, गार होतोय. पण घोट गिळून झाला की मगच पुढचं ऐका. मागच्या वेळी हाच किस्सा सांगताना आमच्या मेहुण्याच्या नाकातून चहा आला होता, आणि सोफ्याच्या कव्हरवर तो डाग अजून आहे.

नवरात्रात अनवाणी चालणारा माणूस दिसला की तुम्हाला आदर वाटतो ना? वाटू द्या, वाटायलाच हवा. फक्त हात जोडण्याआधी एकदा त्याची सायकल बघून घ्या, एवढीच माझी विनंती.

तर झालं असं. डॉक्टर म्हणाले, "सुर्वे, साखर वाढलीय. रोज चाला."

चाला! ह्यात न समजण्यासारखं काय होतं? पण मी घरी जाहीर केलं की मिरारोडला चालायचं म्हणजे अर्धा वेळ फुटपाथ शोधण्यात जातो, आणि सायकल घेतली. सायकल घेतली की माणूस एकटा राहत नाही, त्याला ग्रुप लागतो. आमच्या ग्रुपचं नाव 'चाकोरीबाहेर'. आम्ही दर रविवारी त्याच वेळी निघतो, त्याच रस्त्याने उत्तनकडे जातो आणि त्याच टपरीवर चहा पितो. चाकोरीबाहेर!

ग्रुपचे सर्वेसर्वा साळवी. वय पन्नाशीचं, कपडे अंगाला चिकटलेले, आणि बोलणं असं की जगात आजवर जे काही बिघडलं ते टायरमधल्या हवेमुळेच. एका रविवारी त्यांनी माझ्या पायांकडे बघितलं. पायात सँडल होत्या.

"सुर्वे, तुमची पावर वाया जातेय."

माझी पावर! लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडायला शेजाऱ्यांची बेल वाजवणारा माणूस मी. वाया घालवण्याइतकी पावर आपल्याकडे आहे, हेच मला माहीत नव्हतं. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

"क्लिपलेस पेडल लावा," साळवी म्हणाले.

"म्हणजे क्लिप नसलेली?"

"नाही हो. ह्यात पाय क्लिप होतो."

"मग क्लिपलेस का म्हणतात?"

साळवी बाटलीतलं पाणी प्यायले. मग म्हणाले, "माझी जुनी पडलीत, घेऊन जा. फक्त बूट दोन भोकांचे घ्या. लक्षात ठेवा, दोन भोकांचे."

आता हे भोकांचं प्रकरण सांगतो. सायकलीच्या बुटांना तळाला भोकं असतात. त्यात स्क्रूने एक लोखंडी तुकडा बसवायचा, त्याला क्लीट म्हणतात. क्लीट पेडलमध्ये खट्कन अडकली की तुम्ही आणि सायकल एकजीव. सुटायचं असेल तर टाच बाहेर फिरवायची, की पाय मोकळा. काही क्लीट दोन स्क्रूंच्या, काही तीनच्या, आणि बूटही त्याप्रमाणे दोन भोकांचे नाहीतर तीन भोकांचे. पहिलीतल्या पोराला कळेल. मी बी.कॉम. आहे.

भाईंदर पूर्वेला एका दुकानात गेलो. दोन भोकांचे बूट बघितले, किमती बघितल्या आणि ते हळूच जागेवर ठेवले. कोपऱ्यात एक जोडी होती, काचेतून ऊन खाऊन एका बाजूने फिकी पडलेली. रंग पोपटी. कुणीच घेत नव्हतं म्हणून जवळजवळ फुकटात. हात लावला आणि प्रेमात पडलो.

दुकानदार म्हणाला, "साहब, वो तीन होलवाला है. आपका पेडल दो होलवाला."

"तो क्या हुआ? तीन में दो आ जाते हैं ना?"

मी त्याला गणित समजावून सांगितलं. तीनातून दोन वापरायची, एक उरतं. उरलेलं हवा खेळायला.

"साहब, बीच में अॅडॅप्टर प्लेट लगती है. मँगा दूँ?"

"नको. घर पे पेटी है."

पेटी! आता इथे जरा थांबा, कारण सगळं महाभारत ह्या पेटीवरून झालं.

माझे बाबा फिटर होते. त्यांची हत्यारांची लोखंडी पेटी आमच्याकडे आहे: पाने, पकड, स्क्रू ड्रायव्हर, कानस, सगळ्यांच्या मुठी त्यांच्या हाताने गुळगुळीत झालेल्या. बाबांनी नुसता हात लावला तरी बंद पडलेला पंखा लाजून सुरू व्हायचा. त्यांच्या हाताला यश होतं. ते बरोबर घेऊन गेले, मला फक्त पेटी मिळाली.

त्या पेटीने मी आजवर मिक्सर दुरुस्त केलाय, म्हणजे आता तो झाकण लावल्यावर बंद पडतो. दाराची बेल दुरुस्त केलीय. पाहुण्याने बेल दाबली की हॉलमधला पंखा थांबतो, म्हणजे कुणी आलंय हे कळतं तरी! मनीषाचं, म्हणजे आमच्या मिसेसचं म्हणणं वेगळं. पोपटी बूट बघून तिने काही विचारलं नाही. मी स्टुलावर चढून कपाटावरची पेटी खाली घेतली, तेव्हा मात्र गॅस बारीक करून ती बाहेर आली.

"अहो, हे दुकानात बसवून मिळत नाही?"

"दोन स्क्रूंचं काम आहे."

"मिक्सर पण दोन स्क्रूंचंच काम होतं." ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "ह्या वेळी काही बिघडलं ना, तर ही पेटी भंगारवाल्याला. शब्द द्या."

आणि मी दिला! बाबांची पेटी मी दोन स्क्रूंवर लावली. धर्मराजाने तरी समोर कोण बसलंय ते बघून डाव टाकला होता. मी समोर बायको बसलेली बघूनही टाकला.

मग बूट उलटा केला. बुटाला तीन भोकं, त्रिकोणात. क्लीटला दोन भोकं, शेजारी शेजारी. कसंही धरलं तरी एकच भोक जुळत होतं. मी क्लीट फिरवली, बूट फिरवला, शेवटी स्वतः फिरून बसलो. एकच! तीनात दोन मावतात हे गणितात, बुटात नाही.

पण हार मानेन तो सुर्वे कसला? प्रत्येक बुटाला एकेकच स्क्रू लावला, कचकचून पिळला आणि पाण्याची टाकी गळते तेव्हा भरतात ना, तो दोन गोळ्या मळून करायचा मसाला बाकी सगळीकडे थापला. स्क्रूच्या डोक्यावरसुद्धा. वाळल्यावर दगड झाला. मनीषाला ठोकून दाखवलं.

"बघ. हत्ती लटकला तरी निघणार नाही."

एवढं एक वाक्य मी आयुष्यात खरं बोललो.

नेमकी त्या रविवारी घटस्थापना होती. सकाळी 'चाकोरीबाहेर' निघालं. पाय पेडलवर ठेवला, खट्! दुसरा ठेवला, खट्! आणि काय सांगू, सायकल पळायला लागली. भाईंदरचा पूल मी न उतरता चढलो. पुढे जाऊन साळवींना मागे टाकलं आणि वळून हातही केला. पावर वाया जात नव्हती हो!

मुर्ध्याच्या पुढे आमची ती टपरी आली. सगळ्यांनी टाचा फिरवल्या, खट्, खट्, आणि उतरले. मीही टाच फिरवली.

बूट फिरला. क्लीट फिरली नाही.

मसाला पहिल्याच हिसक्यात तडकला होता, आणि बूट त्या एका स्क्रूभोवती गोल फिरत होता. पंख्याचं पातं फिरतं तसा. टाच बाहेर, टाच आत, टाच पार पुढे, सुटायचं नाव नाही! दुसरा पायही तसाच. थांबलो तर पडणार, म्हणून मी थांबलो नाही. टपरीला एक चक्कर मारली. दुसरी मारली.

"सुर्वे, काय करताय?" साळवी ओरडले.

काय सांगणार? पहिली माळ होती, गरबा खेळतोय म्हणायचं. प्रत्येक फेरीला मी त्यांच्यासमोरून हसत जात होतो. शेवटी पावर संपली, होती तेवढी, आणि मी सायकलसकट एका भाजीवाल्या मावशीच्या लाल माठाच्या जुड्यांवर आडवा झालो.

"आरं, पाय टेक ना! पाय न्हाय का तुला?" मावशी उठून उभी राहिली.

"पाय हाय मावशी, सुटत न्हाय."

तिने खाली वाकून बघितलं. मग सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल असं हसली. "जोडं सायकलीलाच घातलंस व्हय रं?"

साळवींनी माझ्या बुटांचे पट्टे सोडले आणि मला बुटांतून उपसून काढलं. बूट तिथेच. पोपटी, दोन पेडलवर दोन. स्क्रूचं डोकं आतल्या बाजूला, आणि त्यावर माझा दगड.

"हे काय लावलंय?"

"टाकीला लावतात ते."

"कुणी लावलं?"

मी बाटलीतलं पाणी प्यायलो. मावशीच्या चिरडलेल्या सगळ्या जुड्या विकत घेतल्या, पाय परत बुटांत सरकवले, साळवींनी मागून ढकलगाडीसारखं ढकललं, आणि मी घरी निघालो. वाटेत कुठेही थांबलो नाही. सिग्नललासुद्धा नाही. देवीची कृपा.

सिल्व्हर पार्कला आमच्या सोसायटीत शिरलो, भिंतीला टेकलो, पाय उपसले. पेडल सायकलीवरून खोलता आली असती, पण त्याला पाना हवा. पाना पेटीत, पेटी कपाटावर आणि कपाटासमोर मनीषा. तेव्हा सायकल पार्किंगच्या पार कोपऱ्यात लोटली, सायकल पुसायला घरून आणून ठेवलेली जुनी चादर वर टाकली आणि लिफ्टकडे निघालो. अनवाणी. हातात लाल माठ.

लिफ्टपाशी हंसाबेन घटाला हार घालत होत्या. पहिल्या मजल्यावर राहतात, सोसायटीचं नवरात्र त्यांच्याच जिवावर चालतं. त्यांची नजर माझ्या पायांवर गेली.

"अरे सुर्वेभाई! नंगे पैर? माताजी का रखा है?"

आता तुम्हीच सांगा, मी काय बोलायला हवं होतं? 'नाही हंसाबेन, माझे बूट सायकलीने घातलेत'? एका क्षणात पेटी, भंगारवाला, बाबा, सगळे डोळ्यांसमोरून गेले. आणि माझ्या तोंडून निघालं, "हां... इस साल सोचा, रखेंगे."

"जय माताजी!" हंसाबेनच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. खरं सांगायला मी तोंड उघडलं. पण लिफ्ट आली.

लिफ्ट चौथ्या मजल्यावर पोचायच्या आत बातमी पोचली होती. दार उघडून मनीषाने माझे पाय बघितले. मग चेहरा. मग परत पाय.

"बूट?"

"नवरात्र आहे. अनवाणी राहणार आहे."

"अच्छा." ती दारातच उभी. "नऊ दिवस?"

"नऊ दिवस."

"ऑफिसलाही?"

"ऑफिसलाही."

"छान. मग उपासही करणार असाल."

"उपास..."

"अनवाणी राहायचं आणि मिसळपाव खायचा, असं कुठे असतं?" तिने माझ्या हातातला माठ घेतला. "आणि हा मी खाईन. तुम्हाला चालत नाही ना."

मंडळी, ऑक्टोबरचं ऊन तुम्हाला ठाऊक आहे. डांबर ठाऊक आहे. मिरारोडला खोदकामाची खडी किती प्रेमाने पसरलेली असते, तेही ठाऊक आहे. स्टेशनपर्यंत मी नाचत जायचो, आणि लोकांना वाटायचं भक्तीने. ऑफिसात साहेबांनी मला बघून स्वतःचे बूट टेबलाखाली सारले. सोसायटीतली म्हातारी माणसं वाकायला लागली. रोज संध्याकाळची आरती माझ्या हातून. "सुर्वेभाई करेंगे, उनका कडक है!"

कडक? माझ्या टाचा कडक झाल्या होत्या! माझं बघून बी विंगमधल्या दोघांच्या बायकांनी नवऱ्यांच्या चपला काढून घेतल्या. "ते चौथ्या मजल्यावरचे बघा, आणि तुम्ही!" ते दोघे रोज गेटपाशी भेटायचे आणि मला अशा काही नजरेने बघायचे, की त्या नजरेने मांडलेला घट तडकला असता.

आणि मनीषा? रोज पाय शेकायला गरम पाणी द्यायची. एक अक्षर बोलायची नाही. मला वाटलं, बायकोची श्रद्धा बसली आपल्यावर. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच.

दसरा उजाडला. सुटलो, म्हटलं. आज संध्याकाळी चपला घालायच्या आणि उद्या गुपचूप सायकल दुकानात लोटत न्यायची. पेटी वाचली!

तोच हंसाबेन वर आल्या. "सुर्वेभाई, नीचे आओ. सब गाडियों की पूजा आपके हाथ से होगी."

गेलो. झाली सुरुवात. एकेका गाडीला हळदकुंकू, झेंडूचा हार, नारळ. सगळी सोसायटी माझ्या मागून. एकेक करत आम्ही कोपऱ्याकडे सरकत होतो, आणि मी प्रत्येक गाडीला दोनदोनदा ओवाळत होतो.

"अरे, सुर्वेभाई की सायकल तो रह गई!"

"उसकी रहने दो," मी म्हणालो. "उसका... उपास है."

पण वॉचमन तोपर्यंत पोचला होता. त्याने मोठ्या मानाने, दोन्ही हातांनी चादर ओढली.

सायकल भिंतीला टेकलेली आणि दोन्ही पेडलवर पोपटी बूट, जसा कुणी अदृश्य माणूस बसून पेडल मारतोय. बी विंगमधल्या त्या दोघांनी आधी बूट बघितले, मग माझे पाय, मग एकमेकांकडे. संपलं, म्हटलं. आता इज्जतही गेली आणि पेटीही.

हंसाबेन हळूहळू पुढे झाल्या. वाकल्या. डोळे भरून आले. आणि म्हणाल्या काय?

"पादुका!"

"हंसाबेन, सुनो..."

"नौ दिन जूते निकाल के रखे तो कहाँ रखे, देखो! किसी के पैर न लगें, जमीन को न लगें!" आणि त्यांनी बुटांना हळदकुंकू वाहिलं. एका बुटाला. मग दुसऱ्याला. मग हार घातला. मागून कुणीतरी "बोलो अंबे मात की" म्हणालं, आणि सगळी सोसायटी "जय!" ओरडली. बी विंगच्या त्या दोघांनाही बायकांनी वाकायला लावलं. वाकताना एकाने मला हळूच जे ऐकवलं, ते मी इथे सांगत नाही, बायकामाणसं बसलीत.

तेवढ्यात शेजारी कुणीतरी येऊन उभं राहिलं. मनीषा. तिच्या हातात बाबांची पेटी.

"दसरा आहे," ती म्हणाली. "हत्यारांची पूजा राहिली ना."

माझं पाणी पाणी झालं. "तुला... कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी. दूध आणायला खाली आले होते. झाकायला आपल्याच बेडरूमची चादर घेतलीत. फुलांची. ती मी ओळखणार नाही होय?"

"मग बोललीस का नाहीस?"

"म्हटलं, बघू तरी, पेटी वाचवायला माणूस किती चालतो." तिने पेटी माझ्यासमोर धरली आणि पहिल्यांदाच हसली. "बाबांची पेटी मी भंगारात देईन, असं वाटलं तरी कसं तुम्हाला?"

खरं सांगतो, नऊ दिवसांत पायाला जेवढं टोचलं नव्हतं तेवढं ते वाक्य टोचलं. मी पेटीला हळद लावली, कुंकू लावलं, पान्यांवर, पकडीवर झेंडूची पाकळी ठेवली. डोळे पुसले. आणि पेटी घ्यायला हात पुढे केला.

तिने पेटीचं झाकण लावलं, कडीत कुलूप अडकवलं आणि किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकली.

"शस्त्रं आहेत. वर्षातून एकदा पूजा करायची. चालवायची नाहीत."

तेव्हापासून पेटी शाबूत आहे आणि मनीषाने इलेक्ट्रिशियन बोलावल्यापासून घरातली बेलही नीट वाजते. सायकल मात्र पार्किंगमध्येच आहे. दुकानात नेऊन बूट काढायचे म्हटलं, तर हंसाबेन म्हणतात, "पूजा हो गई भाई, अब कैसे हिलाएँगे?" वॉचमन रोज सकाळी टाचेत उदबत्ती खोचतो. आणि मी? मी डॉक्टरांनी सांगितलं होतं तेच करतोय. चालतोय.

परवा सोसायटीतून बाहेर पडताना बघितलं, तर बुटांवर ताजा झेंडू. मनीषाला म्हटलं, "बघ, लोकांनी हार घातलाय."

"हो ना," ती म्हणाली. "जोड्यांना घातला. खरं कळलं असतं तर तुम्हाला हार नाही, जोडेच हाणले असते लोकांनी, पण ते निघत नाहीयेत."